नारबोदची सकाळ

कापलेला धान चार दिवस बांधीत, म्हणजे शेताच्या वाफ्यात, उताणा पडला होता, चांगला वाळत आला होता आणि नेमकं पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं. दिवाळी होऊन आठवडा झालेला. या दिवसांत पावसाचं काय काम? पण त्याला विचारणार कोण. कापून पसरलेल्या धानाला इकडे कडपा म्हणतात, आणि कडपा भिजला की लोंबीतल्या लोंबीत कोंब फुटतात. मग तो धान कोणी हातात धरून बघतसुद्धा नाही. त्यामुळे जांभूळटोल्यात त्या दिवशी घरी राहिलं होतं ते फक्त अंथरुणाला खिळलेलं माणूस.

सुमित्राबाई उईके उजाडल्यापासून भारे वाहत होती. पंचेचाळिशीची बाई, अंगानं काटक, पण भारा डोक्यावर घेतला की मानेत कळ निघायची. भारा उचलायचा, धुऱ्याच्या अरुंद वाटेवरून तोल सांभाळत खळ्यावर न्यायचा, टाकायचा आणि रिकामं परत यायचं. तिचा नवरा सेवकराम खळ्यावर भाऱ्यांचं पुंजणं रचत होता. तीन वर्षांपूर्वी थंडीतापानं धरल्यापासून त्याच्या पायांत दम उरला नव्हता, म्हणून एका जागी उभ्यानं करायचं काम त्याच्याकडे आणि चालायचं काम हिच्याकडे, अशी वाटणी आपसूक झाली होती.

आणि बांधीच्या मधोमध उकिडवा बसून भुपेंद्र भारे बांधत होता. भुपेंद्र शेजारचा. त्याची बांधी आणि यांची बांधी एकाच धुऱ्याला. आज तुमच्यात, उद्या आमच्यात, अशी आजोबा-पणजोबांपासूनची रीत. तिशीतला गडी, छातीनं दांडगा. असल्या गड्यानं भारा एका हिसक्यात डोक्यावर घ्यायचा. पण त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. गुडघा रोवून, दोरी आवळून तो गाठ मारायचा आणि मग बाजूला सरकायचा, भारा उचलायच्या बाया. पलीकडच्या बांधीतून एखादा टवाळ ओरडायचा, काय गा भुपेंद्र, हाताले मेंदी लावली काय? तो हसून सोडून द्यायचा. सुमित्राबाईला ते हसणं सोसवत नसे. दर वर्षी कापणी आली की धानाच्या काळजीआधी तिला या हसण्याची धास्ती वाटायची.

कारण तो हात तिच्यामुळे गेला होता. आणि हे तिच्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिची मुलगी आचल घरातून गेली. अठरा वर्षांची पोर, बारावीत एका विषयात अडकलेली, बोलायला फटकळ, धानाच्या रोवण्यात आईच्या दोन हात पुढे असायची. आज येईल, उद्या येईल करत वीस दिवस गेले आणि मग सेवकराम बायकोला घेऊन ठाण्यात गेला. केव्हा गेली, असं तिथल्या साहेबानं विचारलं. सुमित्राबाईनं सांगितलं, रात्री गेली. सकाळी उठून पाहिलं तर अंथरुणात नव्हती. झालं. त्या रात्री गावात घराबाहेर कोण होतं याचा शोध सुरू झाला. भुपेंद्र होता. इटियाडोह धरणाच्या कालव्याला पाळीचं पाणी आलं होतं आणि तो आपल्या बांधीत पाणी वळवायला गेला होता. त्याला तीन दिवस ठाण्यात ठेवलं. चौथ्या दिवशी आला तो हात गळ्यात बांधून. सापडलं काहीच नाही, सापडणार कुठून, पण संशयित म्हणून त्याचं नाव कागदात चढलं ते चढलंच. साहेब बदलून गेले, नाव राहिलं.

आचल रात्री गेलीच नव्हती. ती सकाळी गेली होती, उजेडी, आईच्या डोळ्यांदेखत.

दुपार कलता कलता धुऱ्यावरून नंदलाल येताना दिसला. नंदलाल गावचा पोलीस पाटील. माणूस वाईट नाही, पण कागदाचा फार सोस. काखेत प्लास्टिकची फाइल असल्याशिवाय तो परसाकडेही जात नाही, अशी गावात थट्टा होती. दर महिन्याला ठाण्यात माहिती द्यायची, त्यात भांडणं निरंक, अपघात निरंक असं लिहून तो मोकळा व्हायचा. आज मात्र त्याच्या कागदावर निरंक चालत नव्हतं. वरून फर्मान आलं होतं, आदिवासी टोल्या-वस्त्यांतून हरवलेल्या बायका-मुलींचा सगळा अहवाल पाहिजे. किती गेल्या, किती मिळाल्या, किती नाही. तीन वर्षं उलटली आणि घरच्यांकडे नवीन काही सांगायला नाही, अशी प्रकरणं वेगळ्या रकान्यात जाणार. त्या रकान्यात गेलं की दर महिन्याची चौकशी बंद.

उद्या त्यासाठी ठाण्यात सगळ्यांना बोलावलं होतं. पण कडपा असा पडलेला, आभाळ असं आलेलं. माणसांचा दिवस कशाला मोडायचा, म्हणून नंदलाल स्वतःच कागद घेऊन बांधीत आला होता. एक अंगठा इथंच लावा, बाकी मी पाहतो, असं तो सांगू लागला. सेवकरामला ते पटलं. त्यानं हात धोतराला पुसून पुढेही केला.

सुमित्राबाईनं डोक्यावरचा भारा खाली टाकला आणि विचारलं, "लिवलं काय आहे त्यात?"

नंदलालनं वाचून दाखवलं. रात्री अकरा ते पहाटे चारच्या दरम्यान राहत्या घरातून कोणास काही न सांगता निघून गेली. संशयित, असं म्हणून त्यानं भुपेंद्रचं पूर्ण नाव वाचलं, आणि वाचता वाचताच त्याच्या लक्षात आलं की हा माणूस पाच हातांवर बसलाय. त्यानं आवाज खाली आणला. भुपेंद्रनं मान वर केली नाही. गाठ मारत होता ती मारली, पेंढीचं टोक दाबून बसवलं आणि बाजूला सरकला. पुढचं नंदलालनं भराभर वाचलं: कुटुंबीयांकडे नवीन माहिती नाही.

सुमित्राबाईनं तो कागद पाहिला. एवढासा कागद. त्यावर अंगठा पडला की आचलला शोधायला कोणी उठणार नव्हतं, आणि शोधलं असतं तरी चुकीच्या वेळी, चुकीच्या वाटेनं शोधलं असतं.

"ठेवा तो कागद," ती म्हणाली. "मी उद्या ठाण्यात येतो."

सेवकराम भडकला. आभाळ दिसत नाही काय, धान सडवायचा काय, तिथं जाऊन नवीन काय सांगणार आहेस, असं तो बरंच बोलला. ती पुढचा भारा उचलायला वळली. नंदलालनं भुपेंद्रलाही सांगितलं, तुलेही सहीला बोलावलं आहे गा. भुपेंद्र म्हणाला, मालूम आहे. दर वर्षी त्याला बोलावत आणि दर वर्षी तो जाई.

सकाळी आभाळ तसंच होतं, पाऊस नव्हता. सेवकराम एकटाच खळ्यावर निघून गेला. ठाणं बारा किलोमीटर आणि बस दुपारी, म्हणून भुपेंद्रनं मोटारसायकल काढली आणि सुमित्राबाईला म्हणाला, मागं बस काकी. कालव्याच्या काठावरून ते निघाले. उजवा हात आखडलेला असल्यानं तो गाडी हळू चालवी. दूर इकडच्या प्रतापगडच्या डोंगराचा माथा ढगात गेला होता. ती त्याच्या मागे एका अंगानं बसली होती, त्याचा खांदा डोळ्यांसमोर होता, आणि सांगायचं ते आताच सांगून टाकावं असं तिला दहादा वाटलं. बारा किलोमीटर संपले, तोंड उघडलं नाही.

तिला ती सकाळ आठवत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोद असते. पळसाच्या डहाळ्यांची आणि गवताची बाहुली करायची, घरातला जुना झाडू, फुटकं सूप तिच्यावर टाकायचं आणि उजाडताना आरडाओरडा करत अख्ख्या गावानं ती शिवेबाहेर न्यायची. वर्षाची रोगराई, पीडा तिच्याबरोबर गावाबाहेर जाते. परत फिरताना मागं पाहायचं नाही. आणि त्या वेळी शिवेपलीकडे गेलेल्या कोणालाही हाक मारायची नाही, मग ते पोटचं का असेना. हाक मारली तर जे बाहेर काढलं ते हाकेबरोबर घरात येतं. हे जांभूळटोल्यातलं शेंबडं पोरही जाणतं.

त्या वर्षी यांच्या घरावर साडेसाती बसली होती. रोवण्यात एक बैल मेला. सेवकराम तापानं फणफणलेला, महिनाभर अंथरुणात. जगतो की नाही अशी गत. सुमित्राबाईनं नारबोदवर झाडू टाकला, सूप टाकलं, नवऱ्याच्या अंगाखालची गोधडीसुद्धा टाकली. आणि सगळं गाव मागं न पाहता परत निघालं तेव्हा शिवेवर रेंगाळलेल्या तिला एकटीला दिसलं, परतणाऱ्या गर्दीतून आचल सरळ पुढे चालली आहे, खांद्याला शाळेची पिशवी. सडकेवर पांढरी जीप उभी. पुढं अल्काबाई बसलेली. ही बाई रोवण्याच्या दिवसांत टोल्यात येऊन गेली होती. मिरची निवडायच्या कारखान्यात पोरी पाहिजेत, राहणं-खाणं फुकट, असं हिंदीत गोड गोड बोलायची. सुमित्राबाईनं तेव्हा साफ नाही म्हटलं होतं, आणि त्यावरून मायलेकींचं आठ दिवस वाजलं होतं.

जीपमध्ये चढताना पोरीनं वळून पाहिलं. चांगलं पाहिलं. सुमित्राबाईचं तोंड उघडलं होतं, आणि तिनं ते मिटलं. घरी नवरा पडला आहे. दिवाळीपर्यंत येईल पोर, असं तिनं मनाला सांगितलं आणि पाठ फिरवली.

सेवकराम पुढच्या आठवड्यात बरा झाला. मग कोणत्या तोंडानं सांगायचं?

ठाण्याच्या व्हरांड्यात बाकं टाकली होती. बारा-पंधरा माणसं बसली होती, बहुतेक बायकाच, आणि सगळ्यांचं बोलणं धानाचं होतं. सुमित्राबाईशेजारी दुसऱ्या टोल्यातली एक बाई बसली होती, सुलोचनाबाई. हडकुळी, पायात प्लास्टिकची चप्पल, बोटांना विळ्याचे ताजे वार. तिचीही पोर गेलेली, हर्षा नाव. केव्हा, असं सुमित्राबाईनं विचारलं तेव्हा तिनं तीन साल झाले एवढंच सांगितलं आणि मान फिरवली. तिचा नंबर आधी लागला. आत गेली, अंगठा लावून पाच मिनिटांत बाहेर आली. बोटाची शाई बाकाच्या पायाला पुसत ती बसून राहिली. तिची बस यायला वेळ होता.

मग यांना बोलावलं. टेबलामागं हवालदार ललिता मेश्राम होती. नवीन बदलून आलेली, इकडच्याच मुलखातली, चाळिशीच्या आतली बाई. समोर कागदांचा ढीग, आणि अहवाल चार वाजता पाठवायचा असं तिला आतून दोनदा ओरडून सांगून झालं होतं. तरी तिनं दोघांना बसा म्हटलं. मागच्या साहेबांनी भुपेंद्रला कधी खुर्ची दिली नव्हती. तो बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला.

ललितानं कागद वाचला, फिरवून पुढं केला आणि शाईचा डबा उघडला.

सुमित्राबाई म्हणाली, "मॅडम जी, हे खोटं आहे. पोरगी रात्री नाही गेली. सकारी गेली. मी पाह्यलं."

ललिताचा हात थांबला. मग सुमित्राबाईनं सगळं सांगितलं. जीप पांढरी, मागच्या काचेवर लाल पट्टा. पुढं अल्काबाई, कानात मोठे डूल, डाव्या गालावर भाजल्याचा डाग. मागं आणखी पोरी बसलेल्या, तीन तरी, तोंडं ओळखीची नाहीत. ललिता लिहीत गेली. मधेच तिनं विचारलं, "मग तेव्हाच काऊन नाही सांगितलं मावशी?"

"नारबोद होती न जी. हाक नाही मारली मी. पोरगी वळून पाहून राहिली होती, मी हाक मारली असती तं उतरली असती. पोरीले पीडेसंगं जाऊ देल्लं मी. हे कोनत्या तोंडानं सांगू? म्हनून रात्र सांगितली."

भुपेंद्र भिंतीपासून सुटला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मले नेलं तवा तू दारातच उभी होतीस न, काकी?"

"होती."

"अन् तुले मालूम होतं."

"मालूम होतं," ती म्हणाली. तिला रडू आलं नाही. रडायचा हक्क आपला नाही, एवढं तिला कळत होतं.

भुपेंद्रनं ललिताला विचारलं, माझ्या नावाचं काय. साहेबांची सही घेऊन नाव काढायला लावते, जबाबात तसंच लिहिते, असं ललिता म्हणाली, आणि तिनं त्याच्यासमोर ते लिहिलं. त्यानं एकेक अक्षर वाकून वाचलं. मग सुमित्राबाईकडे न बघता म्हणाला, "घरी नेऊन सोडतो तुले. पन उद्यापासून तुमच्या बांधीत माझा पाय पडनार नाही." आणि बाहेर गेला. व्हरांड्यापलीकडच्या नळावर तो कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत होता, ते आतपर्यंत ऐकू येत होतं.

ललितानं कागदातली रात्र खोडून सकाळ लिहिली. आतून पुन्हा विचारणा झाली, झालं का. आणखी पोरी होत्या ना जीपमध्ये, असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि कागदांचा ढीग ओढून चाळायला लागली. ढीग तक्रारीच्या तारखेनं लावलेला होता. कोणी वीस दिवसांनी आलेलं, कोणी दोन महिन्यांनी, कोणी दिवाळीनंतर. त्यामुळे कागद एकमेकांपासून लांब पडलेले. तिनं तक्रारीची तारीख सोडून मुलगी गेल्याची तारीख तेवढी बघायला सुरुवात केली. एक कागद बाजूला काढला. मग दुसरा. मग तिसरा. सुमित्राबाईचा धरून चार कागद, चार टोले वेगवेगळे, आणि सगळीकडे त्या सालच्या पोळ्यानंतरची तीच एक रात्र. मजकूरही तोच. रात्री राहत्या घरातून, कोणास काही न सांगता.

तिनं चारही कागद टेबलावर ओळीनं मांडले. सुमित्राबाईला वाचता येत नव्हतं, पण चार कागद दिसत होते.

"मावशी," ललिता हळू आवाजात म्हणाली, "त्या बाईले तुमची रीत मालूम होती. त्या सकाळी कोनी कोनाले हाक मारत नाही, हे पाहूनच तो दिवस धरून आली."

तीन वर्षं सुमित्राबाई हे आपल्या एकटीचं पाप समजून वागवत होती. आणि चार टोल्यांच्या चार शिवांवर चार आया तोंड मिटून उभ्या होत्या, आणि चौघींनी घरी येऊन रात्र सांगितली होती. संताप आला तिला, आधी त्या बाईचा आला, मग स्वतःचा आला. त्यात कुठंतरी एकटेपणाचं ओझं हललं, याचीही तिला लाज वाटली.

ललितानं शेवटचा कागद उचलला. त्यावरची शाई अजून ओली होती. तिनं त्यावरचं नाव वाचलं आणि दाराकडे पाहिलं.

सुलोचनाबाई दारातच उभी होती. बस लागली होती, बाहेर भोंगा वाजत होता, बाकावरच्या बाया तिला हाका मारत होत्या. ती केव्हापासून उभी होती आणि तिनं काय काय ऐकलं होतं कोण जाणे. चप्पल काढून ती आत आली आणि टेबलावरच्या कागदावरल्या आपल्या अंगठ्याच्या ठशावर तिनं हात ठेवला, शाई पुसून निघते की काय असं बघत.

"माहा कागद वापस द्या जी," ती म्हणाली.

बाहेर बस निघून गेली. सुमित्राबाई आपल्या खुर्चीतून उठली, ती खुर्ची तिनं सुलोचनाबाईकडे सरकवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"बस वो बाई," ती म्हणाली. "सकारचं सांग."